पाचारणाची पारख कशी करावी: धर्मगुरुपदाचा किंवा व्रतस्थ जीवनाचा विचार करणाऱ्यांसाठी

'मी धर्मगुरू व्हावे का' किंवा 'मी सिस्टर व्हावे का' हा प्रश्न एकदा मनात शिरला की बहुतेक जण दोनपैकी एका वाटेने जातात. काही जण तो कोणालाही न सांगता वर्षानुवर्षे मनातल्या मनात घोळवत राहतात. काही जण एखाद्या भारावून टाकणाऱ्या तपसाधनेच्या (प्रार्थनाशिबिराच्या) शेवटच्या दिवशी, डोळे भरून आलेले असतानाच, निर्णय जाहीर करून मोकळे होतात. दोघांचे वागणे परस्परविरुद्ध असले तरी समज एकच असतो: पाचारण, म्हणजे देवाने या जीवनासाठी बोलावणे, ही परमेश्वर आणि आपण यांच्यातली खासगी बाब आहे आणि तिचा निकाल आपल्या अंतःकरणातच लागायचा आहे. कॅथोलिक ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. आतून जाणवणारी ओढ हा पाचारणाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे ती ओढ पारखून बिशपांनी (धर्मप्रांताच्या प्रमुखांनी) किंवा व्रतस्थांच्या संस्थेच्या वरिष्ठांनी दिलेली संमती. ज्याला ओढ आहे पण ज्याला ख्रिस्तसभा स्वीकारत नाही, त्याला त्या विशिष्ट जीवनाचे पाचारण आहे असे म्हणता येत नाही. आणि जिला कोणतीही संस्था आनंदाने स्वीकारेल पण जिच्या मनात ओढच नाही, तिच्यावर ते जीवन कोणी लादू शकत नाही. म्हणून पारख ही घरी बसून, एकट्याने, पूर्ण करता येणारी गोष्टच नाही. ती घरी सुरू होते, एवढेच.

नेमकी कशाची पारख करायची

सर्वप्रथम प्रश्न नीट मांडून घ्या. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजाच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट केले की पावित्र्याचे पाचारण प्रत्येक बाप्तिस्माधारकाला आहे, मग तो विवाहित असो, अविवाहित असो वा व्रतस्थ. तेव्हा 'मला चांगले ख्रिस्ती जीवन जगायचे आहे, म्हणून मी मठात जातो' हे कारण अपुरे ठरते, कारण ते लग्न करणाऱ्यालाही तितकेच लागू पडते. मार्काच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात दुष्टात्म्यांपासून मुक्त झालेला मनुष्य 'मला तुमच्याबरोबर येऊ द्या' अशी विनवणी करतो आणि प्रभू येशू त्याला परवानगी न देता आपल्या घरी, आपल्या माणसांत, जाऊन साक्ष देण्यास सांगतात. पाचारणावरच्या प्रवचनांत हा प्रसंग फारसा ऐकू येत नाही, पण पारख करू पाहणाऱ्याने तो वाचायलाच हवा: येशूच्या मागे जाण्याची तीव्र इच्छा खरी होती, कृतज्ञतेतून आलेली होती, आणि तरीही त्या माणसाचे काम दुसरीकडे होते.

दुसरी गोष्ट अशी की 'पाचारण' या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या जीवनपद्धती येतात. धर्मप्रांतीय धर्मगुरू आपल्या बिशपांना आज्ञापालनाचे वचन देतो आणि ब्रह्मचर्य स्वीकारतो, पण तो दारिद्र्याचे व्रत घेत नाही. त्याचे आयुष्य मुख्यतः धर्मग्रामातील, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील, लोकांमध्ये जाते आणि बऱ्याचदा तो घरात एकटा राहतो. संस्थेतील धर्मगुरू, ब्रदर (व्रतस्थ, पण धर्मगुरू नसलेले पुरुष) आणि सिस्टर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन समूहात राहतात. शिक्षण, रुग्णसेवा, मिशनकार्य असे त्या संस्थेचे जे कार्य असेल त्यात सहभागी होतात. बंदिस्त मठातील धर्मभगिनींचे मुख्य कार्यच प्रार्थना असते. याखेरीज जगात राहून, नोकरी-व्यवसाय करून व्रतस्थ राहणारे लोकही आहेत. अशा संस्थांना पोप बारावे पायस यांनी १९४७ साली मान्यता दिली. बिशपांच्या हस्ते समर्पित झालेल्या कुमारिका आणि एकांतवासी यांचीही तरतूद धर्मकायद्यात, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्यात, आहे. 'धर्मगुरू की लग्न' एवढ्याच दोन पर्यायांत विचार करणारा तरुण ब्रदरचे पाचारण पाहतच नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. वेदीवरील सेवेची ओढ नसलेली, पण समूहजीवनाची आणि सेवेची स्पष्ट ओढ असलेली माणसे केवळ माहितीअभावी बाजूला राहतात.

रोजची बैठक

पारख सुरू करण्यापूर्वी जीवनाला काही एक लय हवी, कारण गोंगाटात ओढ आणि लहर यांतला फरक ओळखता येत नाही. शक्य असेल तितक्या वेळा मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची उपासना), महिन्यातून किमान एकदा पापनिवेदन (धर्मगुरूजवळ पापांची कबुली), रोज अर्धा तास मौन प्रार्थना आणि त्यात शुभवर्तमानातील एका छोट्या उताऱ्याचे मनन, एवढे पुरे आहे. सुरुवातीलाच तीन तासांची प्रार्थना, कडक उपवास आणि सगळ्या मित्रांशी फारकत असा कार्यक्रम आखणारे बहुधा दोन महिन्यांत थकतात आणि मग थकव्यालाच 'पाचारण नाही' असे नाव देतात. याउलट, जो दिवसाला अर्धा तास प्रार्थनेसाठी काढू शकत नाही त्याने सेमिनरीचा (धर्मगुरूंच्या प्रशिक्षण केंद्राचा) अर्ज मागवण्याआधी हेच वर्षभर करून दाखवावे. सेमिनरीत गेल्यावर आपोआप प्रार्थना जमू लागेल ही अपेक्षा फसवी आहे.

प्रार्थनेबरोबर सेवाही हवी, आणि तीही स्वतःला न आवडणाऱ्या माणसांची. आजारी, चिडचिडे, तेच तेच बोलणारे वृद्ध यांच्याबरोबर आठवड्यातून काही तास घालवले की स्वतःविषयी जे कळते ते पुस्तकांतून कळत नाही.

रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दिवस मागे वळून पाहावा आणि वहीत चार ओळी लिहाव्यात. येथे विचार लिहायचे नसून मनाच्या हालचाली लिहायच्या असतात. उदाहरणार्थ, 'मंगळवार. सकाळी फादर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला गेले, त्यांच्याबरोबर गेलो. परतताना मन हलके. दुपारपर्यंत तसेच राहिले. संध्याकाळी मित्राने लग्न ठरल्याचे सांगितले. त्याच्याबरोबर हसलो, मनापासून आनंद झाला, पण घरी आल्यावर तासभर काही सुचेना. प्रार्थनेत हेच डोळ्यांसमोर.' या नोंदीतून त्या दिवशी कोणताही निष्कर्ष काढू नये. ती उदासी लग्नाच्या इच्छेची असेल, मित्र दुरावण्याची असेल किंवा नुसती थकव्याची असेल. सहा महिन्यांनी सगळी वही सलग वाचताना मात्र तीच तीच हालचाल कुठे परत येते ते दिसते, आणि पारखीचा खरा कच्चा माल तो आहे.

मनाच्या हालचाली ओळखणे

या वहीची पद्धत येशूसंघाचे संस्थापक लोयोलाचे संत इग्नाशियस यांच्या अनुभवापर्यंत जाऊन पोहोचते. १५२१ साली पाम्पलोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या वाड्यात ते कित्येक महिने पडून राहिले. वाचायला शौर्यकथा मागितल्या, पण घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे एवढीच पुस्तके मिळाली. पडल्या पडल्या ते कधी एका थोर घराण्यातील स्त्रीची सेवा करण्याची स्वप्ने रंगवीत, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे जगण्याची. दोन्ही विचार चालू असताना गोड वाटत; फरक नंतर जाणवे. पहिल्या विचारानंतर मन कोरडे आणि असमाधानी राही, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. विचार करतानाच्या आनंदापेक्षा तो संपल्यानंतर काय उरते याकडे लक्ष देण्याची ही सवय त्यांनी पुढे 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात नियमांच्या रूपाने मांडली, आणि पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्या पुस्तकाला मान्यता दिली.

त्या नियमांतला सर्वांत उपयोगी नियम असा की मन कोरडे, अंधारलेले, अस्वस्थ असताना आधी शांतपणे केलेला निश्चय कधीही बदलू नये. प्रार्थना नकोशी झाली, आपण ढोंगी आहोत असे वाटू लागले, मग अर्ज मागे घेतला, असे घडते. अशा काळात प्रार्थना थोडी वाढवावी, मार्गदर्शकाशी बोलावे, पण दिशा तीच ठेवावी. याच्या दुसऱ्या बाजूकडे लोक कमी लक्ष देतात: मन उत्साहाने ओसंडत असतानाही घाईने वचन देऊ नये. साधना करणारा उत्साहाच्या भरात व्रत घेऊ लागला तर त्याला सावध करावे, असे इग्नाशियस मार्गदर्शकाला स्पष्टपणे सांगतात. त्यामुळे तपसाधनेतून परतल्यावर पहिले काही आठवडे फक्त नोंदी कराव्यात, घोषणा करू नये.

कोणती ओढ भरवशाची? माझ्या मते तिची खूण अशी की ती दुर्लक्ष केले तरी परत येते, ती आली की माणूस अधिक मोकळा, उदार आणि इतरांशी अधिक सौम्य होतो, आणि त्या जीवनातला कंटाळवाणा भाग डोळ्यांसमोर आणला तरी ती विझत नाही. झगा, वेदी, व्यासपीठ आणि लोकांचा आदर यांच्यापलीकडे, पावसाळी रात्री कोणाच्या तरी मरणशय्येकडे जाणारा, हिशोबाच्या वह्या पाहणारा, बैठकांमध्ये बसणारा धर्मगुरू तुम्हाला व्हावेसे वाटते का, हे विचारून पाहा. सिस्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीनेही समूहातल्या एकीशी अजिबात न जमणारी, आवडीचे काम काढून दुसरे दिले गेलेली आणि तरीही तिथेच राहिलेली स्वतःची प्रतिमा डोळ्यांसमोर आणावी.

जिच्यावर विसंबू नये अशी ओढही ओळखता येते. प्रेमभंगानंतर महिनाभरात सुचलेले पाचारण, परीक्षेतील अपयशानंतर किंवा नोकरी गेल्यावर सुचलेले पाचारण, घरातील भांडणांपासून सुटका म्हणून हवेसे वाटणारे मठातले शांत जीवन, या सगळ्यांना वेळ द्यावा. त्यातले काही खरेही ठरते, कारण परमेश्वर मोडलेल्या मनाशीही बोलतो. पण ते खरे असेल तर वर्षभर थांबल्याने नष्ट होत नाही. तसेच आईने आजारपणात 'हा मुलगा बरा झाला तर देवाला देईन' असा नवस केला असेल, तर तो आईचा नवस आहे, मुलाचे पाचारण नव्हे. भीतीवर उभ्या असलेल्या विचाराचेही तसेच: 'मी नाही गेलो तर देव मला शिक्षा करील' असे ज्याला वाटते त्याने आधी देवाविषयीची ही कल्पनाच मार्गदर्शकासमोर ठेवावी.

चिन्हे मागण्याविषयी दोन शब्द. बायबल कुठेही उघडून समोर येईल ते वचन उत्तर मानणे, किंवा 'उद्या अमुक झाले तर मी जाईन' अशी अट घालणे, यांत परमेश्वरावर विश्वास असल्यासारखे भासते, पण निर्णयाची जबाबदारी योगायोगावर ढकललेली असते. बायबलमधील बाल शमुवेलाला रात्री परमेश्वराची हाक ऐकू आली तेव्हासुद्धा तो तीनदा आपला गुरू, वृद्ध याजक एली, याच्याकडे धावत गेला, आणि ती हाक कोणाची हे एलीनेच ओळखून सांगितले.

मार्गदर्शक

हे काम एलीशिवाय होत नाही. आध्यात्मिक मार्गदर्शक धर्मगुरू असू शकतो, सिस्टर किंवा ब्रदर असू शकतात, प्रशिक्षित प्रापंचिक (धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेली) व्यक्तीही असू शकते. शक्यतो तो तुमचा नातेवाईक नसावा आणि तुमच्या प्रवेशाचा निर्णय त्याच्या हातात नसावा. 'मला पाचारणाविषयी विचार करायचा आहे, महिन्यातून एकदा भेटाल का' एवढे विचारले की पुरते. पहिल्या दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर आभार मानून दुसरा शोधण्यात काही गैर नाही.

मार्गदर्शकासमोर काय न्यायचे? वही न्यावी, आणि जे सांगायला सर्वांत जास्त लाज वाटते तेही न्यावे. लैंगिक जीवन, अश्लील चित्रफितींची किंवा दारूची सवय, नैराश्याचा जुना काळ, घरात झालेला अत्याचार, डोक्यावरचे कर्ज, या गोष्टी पाचारणाच्या आड येतीलच असे नाही, पण लपवल्या तर नक्की येतात. ब्रह्मचर्याविषयी तर खास मोकळेपणा हवा. ज्याला लग्नाची कधी इच्छाच झाली नाही त्याला ब्रह्मचर्य सोपे जाईल असा एक समज आहे. अनुभवी मार्गदर्शक अशा वेळी उलट अधिक प्रश्न विचारतो. चांगला पती किंवा चांगली आई होऊ शकेल अशी व्यक्ती, लग्नाचे मोल ओळखून, प्रेमापोटी ते बाजूला ठेवते तेव्हा ब्रह्मचर्याला अर्थ येतो. ज्यांचे कोणाशी प्रेमसंबंध आहेत त्यांनी पारख चालू असल्याचे त्या व्यक्तीला सांगावे. 'तिकडे जमले नाही तर ही आहेच' असे गृहीत धरून कोणाला ताटकळत ठेवणे हा अन्याय आहे.

चांगला मार्गदर्शक उत्तर देत नाही. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, साधकाला या किंवा त्या जीवनाकडे झुकवू नये, असे इग्नाशियस यांनीच लिहून ठेवले आहे. आपल्याच संस्थेत ओढणारा, घाई करणारा, घरच्यांशी बोलू नका असे सांगणारा मनुष्य कितीही भक्तिमान असला तरी त्याच्यापासून दूर राहावे. प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला आपली जीवनावस्था निवडताना कोणत्याही जबरदस्तीपासून मुक्त राहण्याचा अधिकार आहे, हे धर्मकायद्याचे २१९ वे कलम सांगते.

पाहायला जाणे

संस्थेची निवड माहितीपत्रक वाचून होत नाही. दोन-तीन संस्थांना पत्र लिहावे, पाचारण-संचालकांना (नव्या इच्छुकांना मार्गदर्शन करणाऱ्यांना) भेटावे आणि काही दिवस राहून येण्याची परवानगी मागावी. बहुतेक संस्था अशा मुक्कामाची सोय करतात. धर्मप्रांतीय धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्याने आपल्या धर्मग्रामातील फादरांशी आणि धर्मप्रांताच्या पाचारण-संचालकांशी बोलावे.

राहायला गेल्यावर प्रार्थनागृहात सगळे चांगलेच दिसते. लक्ष जेवणघराकडे द्यावे. ताटे कोण धुते? वरिष्ठ सिस्टर त्या कामाला उभ्या राहतात की ते नेहमी सर्वांत तरुण सिस्टरच्याच वाट्याला येते? वृद्ध आणि आजारी सभासद कुठे राहतात, त्यांच्या खोलीत दिवसातून किती जण डोकावतात? जेवताना एकमेकींची थट्टा होते का, आणि ती कोणाला बोचते का? सकाळच्या प्रार्थनेला उशिरा आलेल्या व्यक्तीकडे बाकीचे कसे पाहतात? संस्था सोडून गेलेल्यांविषयी ही माणसे कशी बोलतात? या शेवटच्या प्रश्नावरून संस्थेचे आरोग्य मला सर्वांत लवकर कळते, कारण जिथे सोडून जाणारा प्रत्येक जण गद्दार किंवा दुबळा ठरवला जातो तिथे राहणाऱ्यांनाही मोकळेपणा नसतो. वरिष्ठांनी सभासदांना आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांच्यासमोर उघड करण्यास भाग पाडू नये, असे धर्मकायदा बजावतो. पापनिवेदनासाठी बाहेरच्या धर्मगुरूकडे जाण्याची मोकळीक तिथे खरोखर आहे का, हे विनासंकोच विचारावे.

निर्णयाकडे

पुरेसा काळ गेल्यावर निर्णय घ्यावाच लागतो. इग्नाशियस निवडीच्या तीन वेळा सांगतात. कधी शंकेला जागाच उरत नाही, जशी संत मत्तय आणि संत पौल यांच्या बाबतीत उरली नाही, हे विरळा. कधी सांत्वन आणि कोरडेपणा यांच्या येण्याजाण्यातून दिशा कळते, आणि वही याच कामाला येते. आणि कधी मन शांत असते, काहीच हलत नाही. तेव्हा बुद्धी वापरायची. कागदाचे चार भाग करावेत: गेलो तर होणारे लाभ, गेलो तर येणाऱ्या अडचणी, न गेलो तर होणारे लाभ, न गेलो तर येणाऱ्या अडचणी. चारही रकाने भरताना एकच कसोटी लावायची, ती परमेश्वराच्या गौरवाची आणि आपल्या तारणाची, सोयीची नव्हे. रकान्यांतले मुद्दे मोजू नयेत, त्यांचे वजन पाहावे. मग एक अनोळखी माणूस हाच कागद घेऊन आपल्याकडे आला आहे आणि त्याचे भले व्हावे एवढीच आपली इच्छा आहे असे कल्पून, त्याला काय सल्ला द्याल ते लिहावे. मृत्यूच्या घटकेला आपण कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, हेही पाहावे. निघालेले उत्तर प्रार्थनेत परमेश्वरासमोर ठेवून काही आठवडे त्याच्याबरोबर राहावे आणि मन कुठे झुकते याची नोंद चालू ठेवावी.

यातून शंभर टक्के खात्री मिळत नाही. पुरेशी खात्री मिळाली की अर्ज करावा, कारण उरलेली पारख आत गेल्यावरच होते. 'पूर्ण खात्री झाल्याशिवाय पाऊल उचलणार नाही' असे म्हणणारे दहा वर्षे तिथेच उभे राहतात, आणि न निवडणे हीसुद्धा निवड असते हे त्यांच्या लक्षात येत नाही. थांबणे वेगळे. जर्मन तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन यांनी १ जानेवारी १९२२ रोजी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासूनच त्यांना कार्मेल या बंदिस्त मठात जायचे होते. मार्गदर्शकांनी थांबायला सांगितले, त्या शिकवत आणि लिहीत राहिल्या, आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये कलोन येथील कार्मेलमध्ये दाखल झाल्या. त्यांचे थांबणे कोणाच्या तरी सल्ल्याने होते आणि कामाने भरलेले होते.

घरचे

विरोध झाला की पाचारण खरे आणि विरोध झाला नाही की संशयास्पद, असे काही नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी डॉमिनिकन संघात जाऊ नये म्हणून त्यांना घरच्यांनी सुमारे वर्षभर कोंडून ठेवले होते हे खरे, पण आई-वडिलांचा प्रत्येक आक्षेप त्या जातीचा नसतो. 'तुला चार दिवस कोणाबरोबर खोली वाटून घेता येत नाही' असे आई म्हणत असेल तर ते टिपून मार्गदर्शकाला सांगण्यासारखे आहे. घरच्यांना निर्णय म्हणून न सांगता विचार म्हणून, लवकर आणि शांतपणे सांगावे. संस्थेच्या वरिष्ठांना घरी बोलावावे. वृद्ध आई-वडिलांचा सांभाळ खरोखर तुमच्याशिवाय कोणी करू शकत नसेल, तर ती अडचण प्रामाणिकपणे मांडावी. ती आड येते का, हे वरिष्ठ ठरवतील.

प्रवेश आणि त्यापुढची वर्षे

धर्मकायद्यानुसार वयाची सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नवशिक्षार्थी (व्रतांपूर्वीच्या प्रशिक्षणातील उमेदवार) म्हणून वैध प्रवेश मिळत नाही. ज्याचा विवाह अस्तित्वात आहे, जो दुसऱ्या संस्थेला व्रताने बांधलेला आहे, किंवा जो जबरदस्ती, भीती अथवा फसवणूक यांमुळे येत आहे, त्याचा प्रवेशही वैध ठरत नाही. फेडता न येणारे कर्ज असलेल्याला घेऊ नये असाही नियम आहे. बाप्तिस्मा आणि दृढीकरण या संस्कारांचे दाखले, अविवाहित असल्याचा पुरावा, वैद्यकीय तपासणी आणि बहुतेक ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणी, हे सगळे मागितले जाते. मानसशास्त्रज्ञासमोर 'आदर्श' उत्तरे देण्याचा मोह टाळावा. ती उत्तरे तुम्हाला आत घेतील, पण आत टिकवणार नाहीत.

नवशिक्षार्थी काळ किमान बारा महिन्यांचा असतो. त्यानंतर तात्पुरती व्रते किमान तीन वर्षांसाठी घेतली जातात, आणि ती संपल्यावर, वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली असतील तर, आजन्म व्रते. चिंतनशील मठांतील भगिनींसाठी २०१८ च्या नियमांनी हा सगळा प्रवास किमान नऊ वर्षांचा केला आहे. धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो, त्याआधी एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा टप्पा असतो, आणि वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा दिली जात नाही. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीतही नवागताला सहज आत घेऊ नये, वर्षभरात तीनदा नियम वाचून दाखवावा आणि प्रत्येक वेळी तो राहतो की जातो हे पाहावे, असे सांगितले आहे. इतकी वर्षे ठेवण्यामागे दोन्ही बाजूंना पाहायला वेळ मिळावा हाच हेतू आहे.

पैशाबाबत एक व्यावहारिक सूचना. पहिल्या व्रतांपूर्वी सभासद आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवतो, पण मालकी सहसा त्याचीच राहते. मृत्युपत्र आजन्म व्रतांपूर्वी करायचे असते. म्हणून प्रवेशाच्या उत्साहात सगळे वाटून टाकू नये, आणि कोणी तसे सुचवले तर सावध व्हावे. संस्था सोडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, मात्र त्याच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागणे संस्थेवर बंधनकारक आहे.

नकार आल्यास, किंवा परत यावे लागल्यास

नवशिक्षार्थी कधीही मोकळेपणाने निघून जाऊ शकतो आणि संस्थाही त्याला परत पाठवू शकते. हे अपयश मानले जाते याचे कारण घरचा निरोप समारंभ, गावभर झालेले कौतुक आणि परतल्यावरचे प्रश्न. पारखीच्या दृष्टीने पाहिले तर प्रक्रियेने आपले काम केलेले असते. लुई मार्टिन यांना लॅटिन येत नसल्यामुळे ग्रेट सेंट बर्नार्डच्या मठाने प्रवेश नाकारला, झेली गेराँ यांनाही धर्मभगिनींच्या संस्थेने घेतले नाही; पुढे दोघांचे एकमेकांशी लग्न झाले, त्यांच्या पाच मुली धर्मभगिनी झाल्या, त्यांतली एक लिझ्यूची संत तेरेजा, आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी या पती-पत्नीला एकत्रच संतपद देण्यात आले.

परत आल्यावर लगेच दुसऱ्या संस्थेचे दार ठोठावू नये. आधी नोकरी किंवा शिक्षण, नेहमीची प्रार्थना, जुनाच किंवा नवा मार्गदर्शक, आणि वर्षभर तरी वहीतल्या नोंदी. पुन्हा अर्ज करायचा ठरलेच तर पूर्वीच्या संस्थेचा किंवा सेमिनरीचा उल्लेख टाळण्याचा विचारही करू नये, कारण नव्या संस्थेला पूर्वीच्या वरिष्ठांचे किंवा रेक्टरांचे पत्र मागवावेच लागते. बाहेर पडतानाच त्या वरिष्ठांना भेटून, आपल्याविषयी ते काय लिहितील हे समजून घ्यावे, आणि ते लिहिणार असलेल्या उणिवांवर या वर्षात काय काम करता येईल याची चर्चा त्याच भेटीत करून घ्यावी.